हवेतून आलेला आवाज

मंगळवारी दुपारी पावणेतीनला बाबांचा फोन आला तेव्हा मी एका जाडजूड पुस्तकाच्या शेवटची सूची तपासत होते. शब्द वाचायचा, त्याच्यापुढचा पृष्ठक्रमांक बघायचा, ते पान उघडायचं आणि तो शब्द तिथे खरंच आहे का हे पाहायचं. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघी मुद्रितशोधक बसतो. दुसऱ्यांच्या चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे.

"कामात आहेस का?" बाबांनी विचारलं.

"आहे. बोला."

"मग थोडक्यात सांगतो," ते म्हणाले आणि नेहमीप्रमाणे मुळापासून सुरुवात केली. "तेरावी टेप झाली. पहिल्या मिनिटाला सगळं जागच्या जागी. माणूस बोलतो, ओठ हलतात, जमतं. पन्नासाव्या मिनिटाला मात्र आधी ओठ हलून जातात आणि शब्द मागून येतो. पोस्टमन जिना उतरून गेल्यावर घंटा वाजावी, तसं."

"टेपा जुन्या झाल्यात, बाबा. ताणल्या जातात."

"ताणली तर दोन्ही ताणलं जाईल ना? चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर आहेत. एकाच गाडीत बसलेले दोघं वेगवेगळ्या वेळी कसे उतरतील? म्हणजे ते एका वाटेनं येतच नाहीयेत. चित्र तारेतून येतंय आणि आवाज हवेतून."

"हवेतून?" मी हसले. शेजारच्या टेबलावरून मान वर झाली.

"हसू नकोस. चौतीस वर्षं लाइन तपासली मी. तारेतला आवाज कुठला आणि हवेतला कुठला, हे मला कळतं."

"बाबा, तो टेलिफोन होता. हा कॉम्प्युटर आहे."

मग ते म्हणाले, "हो, तेही आहेच. रविवारी येशील तेव्हा बघशील का एकदा?"

"बघते. नक्की."

"जेवायलाच ये. आत्याला सांगून ठेवतो."

"बरं. ठेवू?"

"ठेव."

मी फोन ठेवला आणि सूचीकडे वळले. एका नोंदीत दोनशे बाराच्या जागी दोनशे एकवीस हवं होतं. ते मला सापडलं, याचं मला बरं वाटल्याचं अजून आठवतं. बुधवारी सकाळी सव्वासातला आत्याने दार वाजवलं, आपल्याजवळच्या किल्लीने उघडलं, आणि बाबा खुर्चीत होते. चष्मा हातात होता. आत्या आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात नर्स होती. तिने नाडी बघितली, घड्याळ बघितलं, आणि मगच मला फोन केला.

*

हे सगळं सुरू झालं होतं माझ्या एका वाक्यामुळे.

आई जाऊन एकवीस वर्षं झाली. मागच्या वर्षी कशावरून तरी मी बोलून गेले, "आईचे शब्द आठवतात मला, पण आवाज आठवत नाही." पुढच्या आठवड्यात बाबांनी माळ्यावरून चौदा व्हिडिओ कॅसेटा खाली काढल्या, पुसल्या आणि तारखेच्या क्रमाने नंबर घातले. एक ते नऊ, आई असतानाच्या. दहा ते चौदा, नंतरच्या. कुठूनसा एक चालू व्हीसीआर मिळवला. टेपमधलं चित्र कॉम्प्युटरात उतरवून घेणारी छोटी डबी मी त्यांना आणून दिली. व्हीसीआरच्या पाठीतून तीन तारा डबीत: पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाच्या. डबी कॉम्प्युटरात. शिवाय एक जुनी तार टीव्हीकडे, म्हणजे टेप चालू असताना ती टीव्हीवर दिसतही होती आणि ऐकूही येत होती.

या कामात घाई चालत नाही. तासाची टेप उतरायला तासच लागतो. मध्ये काही बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. बाबांना ते आवडायचं. टेलिफोनच्या खात्यात त्यांनी लाइनमन म्हणून नोकरी केली, खांबावर चढले, गटारात उतरले. दोष शोधणं हा त्यांचा धर्म होता. त्यांनी एक लांबट वही आखली. चार रकाने: तारीख, दोष, कारण, उपाय. खात्यातली वही अशीच असायची, असं ते म्हणाले. आणखीही एक गोष्ट त्यांनी मला तेव्हा सांगितली होती, जी मी अर्ध्या कानाने ऐकली. दोष सापडला की लाइनमनने त्याच लाइनवरून, त्याच जागेवरून एक्स्चेंजला फोन करायचा आणि तोंडाने सांगायचं: दोष अमुक, कारण अमुक. तसं सांगितल्याशिवाय नोंद बंद व्हायची नाही, वहीत कितीही सुंदर अक्षरात लिहिलेलं असो.

"का पण? लिहिलेलं आहे ना?" मी विचारलं होतं.

"लिहायला काय, घरी बसूनही लिहिता येतं. लाइन चालू आहे का, हे बोलल्यावरच कळतं."

पहिल्या काही आठवड्यांत फोनवर आमच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. प्रत्येक टेप अठराव्या मिनिटाला तुटायची. कुठलीही टेप घ्या, अठरावं मिनिट आलं की फाइल संपली. बाबांनी तारा बदलल्या, व्हीसीआर पुसला, पंखा लावून कॉम्प्युटर गार केला. ते कोडं मी सोडवलं. बाहेरून जोडलेली डिस्क जुन्या पद्धतीने तयार केलेली होती, आणि तिला एका मर्यादेपेक्षा मोठी फाइल गिळताच येत नव्हती. ती नव्याने तयार केली आणि गाडी सुरू झाली. मग फाइल आत्याच्या फोनवर उघडेना. मी समजावलं की खाऊ तोच आहे, फक्त डब्याचं झाकण त्या फोनला उघडता येत नाही, डबा बदलायचा. बाबांना हे इतकं पटलं की ते 'फाइल' म्हणणंच सोडून 'डबा' म्हणायला लागले.

अशी दोन कोडी मी सोडवली, आणि मला वाटायला लागलं की मला सगळंच कळतं.

आवाजाचा प्रश्न त्याच्याही आधीचा, अगदी पहिल्या दिवसाचा होता. मी बसथांब्यावर उभी होते.

"आवाजाच्या खान्यात दोन नावं दिसतायत," बाबा म्हणाले. "एकावर मायक्रोफोन लिहिलंय. दुसरं अगम्य आहे, नुसती अक्षरं आणि आकडे."

"मायक्रोफोन घ्या. आवाज म्हणजे मायक्रोफोन."

"पण मायक्रोफोन तर तू दिलेल्या त्या कॅमेऱ्यात आहे ना? पडद्यावर बसवलाय तो?"

"घ्या हो, बाबा. बस आली."

बस आलेली नव्हती.

त्यानंतर महिन्याभरात ते एकदा म्हणाले, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मी म्हटलं, जुन्या टेपा अशाच असतात. एकदा म्हणाले, "सहाव्या टेपमध्ये आपला स्वयंपाकघरातला नळ ऐकू येतो. टिप टिप."

"तेव्हाही नळ होताच की, बाबा."

"होता," ते म्हणाले. "पण तेव्हा गळत नव्हता."

मी यावरही हसलेच होते.

*

तीन आठवड्यांनी मी त्या घरी राहायला गेले. चार दिवसांची रजा काढली होती. सामान आवरायचं होतं, कागद बघायचे होते, पण मनात एकच गोष्ट होती: चौदावी टेप उरली आहे, ती उतरवायची, आणि मग पहिल्यापासून सगळ्या नीट ऐकायच्या. बाबा होते तोवर मी एकही पूर्ण ऐकली नव्हती. त्यांनी पाठवलेले डबे फोनमध्ये पडून होते. सवडीने, शांतपणे ऐकू, असं म्हणत राहिले.

आत्या समोरच्याच दारात राहते. माझ्या मागोमाग आत आली आणि खोलीकडे बोट दाखवून म्हणाली, "बघ तुझ्या बापाचा कारखाना."

मी दारातच थांबले. खिडकीवर जाड गोधडी खिळ्यांनी ठोकलेली होती. दाराच्या फटीशी टॉवेलाची गुंडाळी. भिंतीवरचं घड्याळ बंद. खुर्चीच्या चारी पायांना जुन्या मोज्यांचे तुकडे बांधलेले. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी आणि त्यावर पेनाने लिहिलेलं: टेप चालू असताना नाही.

"हे काय?"

"मला काय विचारतेस? टेप लागली की याचं ओठावर बोट. मी चहा घेऊन आले तर हातानेच 'ठेव' म्हणायचा. खोकला आला तर उशी तोंडावर धरायचा. ऐन उकाड्यात, पंखा बंद, तासभर पुतळा. मी म्हटलं, दादा, तू सिनेमा बघतोयस का ध्यानाला बसलायस?"

"मग काय म्हणाले?"

"म्हणाला, खोली टेपमध्ये जाते." आत्याने पदराने कॉम्प्युटरवरची धूळ पुसली. "मी म्हटलं, जाऊ दे, तूही जा. तेवढीच मला शांतता."

मग तिला आपलंच बोलणं ऐकू आलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मी खुर्चीत बसले. वही कॉम्प्युटरशेजारीच होती. पहिलं पान उघडलं.

दोष: पडदा काळा. कारण: मी. पिवळी तार लाल भोकात.

दोष: टेप संपली, फाइल नाही. कारण: मी. बटण दाबलेच नाही. उपाय: दाबणे.

दोष: अठराव्या मिनिटाला तुटते. कारण: डिस्क. त्याच्यापुढे, रकान्याबाहेर: मुलीने शोधले. आणि त्याखाली दोन रेघा.

दोष: बहिणीच्या फोनवर उघडत नाही. कारण: झाकण. मुलीने शोधले. पुन्हा दोन रेघा.

पानामागून पान. जिथे त्यांची चूक होती तिथे 'मी' हा शब्द इतका सरळ लिहिला होता की जणू ते हवामानाची नोंद करत होते. शेवटची नोंद त्या मंगळवारची होती.

दोष: आवाज हवेतून. कारणाचा रकाना कोरा. उपाय: रविवारी.

अख्ख्या वहीत तेवढा एकच रकाना कोरा होता.

कॉम्प्युटर सुरू केला. टेप एक, टेप दोन, अशा तेरा फाइली ओळीने होत्या आणि शेवटी एक छोटीशी, मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांची. नाव: चाचणी. माझा फोन ठेवल्यानंतर सव्वा तासाने केलेली. मी ती उघडली.

चित्रात चौदावी टेप चालू होती. माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीतली खिडकी, आत्या पडदा लावतेय, तिचं तोंड हलतंय, पण शब्द नाहीत. त्याऐवजी अगदी कानाशी बाबांचा आवाज आला. ओळखीचा, जरा अधिकृत, नोकरीतला.

"हॅलो. चाचणी. एक, दोन, तीन. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केलेला आहे. टेप चालू आहे." श्वास. "आवाजाची पट्टी हलते आहे. म्हणजे मीच जातोय आत."

खुर्ची करकरली. दार उघडल्याचा आवाज.

"कुणाशी बोलतोयस रे दादा?" ही आत्या.

"कुणाशी नाही. लाइन तपासतोय."

"सापडला का मग तुझा दोष?"

"सापडला."

"सुटलो बाई. कर पोरीला फोन."

"नको." कप बशीत ठेवल्याची किणकिण. "तिची ती बघेल रविवारी. तिलाच सापडू दे."

"का? तुला सापडलाय तर सांगायला काय होतं?"

"अगं, तिनेच सांगितलं होतं ते करायला. राहू दे. चहात साखर नाही घातलीस?"

"तुला चालत नाही."

"आज घालायची होतीस."

फाइल तिथे संपत होती.

मी ती पुन्हा लावली नाही. हात कामाकडे गेला, कारण दुसरं काय करावं ते कळेना. आवाजाच्या खान्यातली यादी उघडली. दोन नावं. एक मायक्रोफोन. दुसरं नुसती अक्षरं आणि आकडे. नीट वाचलं असतं तर त्या अक्षरांत डबीचंच नाव होतं, तेच जे तिच्या पाठीवर छापलेलं आहे. ते निवडलं. चौदावी टेप मागे घेऊन सुरू केली. आत्याचा आवाज स्वच्छ आला, तारेतून, अगदी समोर बसल्यासारखा: "पडद्याला अस्तर हवं, सांगून ठेवते." ना विहीर, ना नळ. दहा सेकंदांचं काम होतं. पडद्याकडे नजर टाकून कुणीही केलं असतं.

मला पहिला विचार आला तो चांगला होता: आईच्या सगळ्या टेपा पुन्हा उतरवू. नऊ तास, फार तर दहा. आईचा आवाज असा, इतका स्वच्छ ऐकायला मिळेल.

फळीकडे बघितलं. फळीवर चार कॅसेटा होत्या. दहा, अकरा, बारा, तेरा.

"आत्या," मी हाक मारली. "बाकीच्या टेपा कुठे ठेवल्यात?"

ती हात पुसत आली. "दादाने दिल्या ना. मागच्या महिन्यात. ते जुनी यंत्रं वगैरे घेऊन जातात बघ, त्यांना."

"कुणी सांगितलं द्यायला?"

आत्याला खोटं बोलता येत नाही. नर्सपणातही तिने ते कधी शिकून घेतलं नाही.

"तूच म्हणालीस म्हणे. एकदा आत गेल्या की बुरशी पाळायची कशाला."

म्हटलं होतं. त्याच सुरात म्हटलं होतं. आणि बाबांनी नंबरवारी केलं होतं, जसं ते सगळंच करत. आधी उतरलेल्या आधी दिल्या. एक ते नऊ.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहावी टेप लावली. आई सगळ्यात जास्त बोलते ती सहावीत, असं बाबांनी वहीत लिहून ठेवलं होतं.

आम्ही या घरात राहायला आलो तो दिवस. कपाट जिन्यातून वर आलंय आणि खोलीच्या दारात अडकलंय. दोन हमाल, मधे आई, कपाटापलीकडे मी, अकरा वर्षांची, दोन वेण्या, मदतीला निरुपयोगी. कॅमेरा बाबांकडे. टीव्हीतून निघून, खोलीत पसरून, मग कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या कॅमेऱ्यातल्या मायक्रोफोनमध्ये शिरलेला आईचा आवाज आला. दूरचा, खोलगट, कडा झिजलेल्या.

"डावीकडे घ्या. अहो तुमचं डावं नाही, कपाटाचं डावं."

"कपाटाला डावं कुठलं, ताई?" एक हमाल म्हणतो.

"आरसा आहे तो चेहरा. आता सांगा."

हमाल हसतात. मी हसते, म्हणजे ती वेण्यावाली. आई वळून थेट कॅमेऱ्याकडे बघते. आवाज ओठांच्या जरा मागून येतो.

"आणि तुम्ही. तो कॅमेरा ठेवा आणि हात लावा."

इथे, टेपच्या बाहेर, टेप उतरवली तेव्हाच्या खोलीत, कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "ठेवला बघ."

मी थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. तेरा टेपा, तेरा तास, बाबा ओठावर बोट ठेवून बसले होते. गोधडी ठोकून, खोकला उशीत दाबून. फक्त इथे राहवलं नाही.

पण मला आई हवी होती. ते मी लपवत नाही. वर्षभर बाबांनी ज्याच्यासाठी हे केलं ते मला माझ्या चुकीमागे अडकलेलं दिसत होतं, आणि चुका काढणं मला येतं. आवाज साफ करण्याचा एक प्रोग्राम मी उतरवून घेतला. त्याची रीत सोपी आहे. आधी त्याला नमुना द्यायचा: जिथे कुणीच बोलत नाही असा तीन-चार सेकंदांचा तुकडा निवडायचा आणि सांगायचं, हा कचरा. मग तो अख्ख्या फाइलमधून तेवढा कचरा काढून टाकतो.

टेप सुरू होण्याआधी चार सेकंद पडदा निळा आहे. मी ती चार सेकंदं निवडली आणि खात्री करून घ्यावी म्हणून इयरफोन घालून, आवाज पूर्ण वाढवून ऐकली.

कुणीच बोलत नव्हतं. नळ होता, टिप. लांब कुठेतरी गाडी मागे घेतल्याचा आवाज. आणि श्वास. जरा नाकातून, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा, बाबांचा. कुणीतरी एखाद्या गोष्टीची वाट बघत बसलेलं असावं, तसा.

तरी मी बटण दाबलं. नमुना घेतला, साफ केलं. नळ गेला, गाडी गेली, श्वास गेला. आई म्हणाली, "डावीकडे घ्या," आणि तो आवाज पत्र्याचा झाला होता. पाण्याखालून बोलावं तसा, शब्दांच्या शेवटी बुडबुडे. कचरा कमी काढून बघितला, जास्त काढून बघितला. दुपारपर्यंत तेच केलं. जितकी खोली काढावी तितकी आईही जात होती. मग माझ्या लक्षात आलं की आई बोलली ती याच खोलीत. कपाट अजून माझ्या पाठीमागे आहे, आरसा त्याच बाजूला. तिचा आवाज एकदा या भिंतींवर आपटून टेपमध्ये गेला आणि तीस-बत्तीस वर्षांनी पुन्हा याच भिंतींवर आपटून कॉम्प्युटरात. यातली कुठली खोली ठेवायची आणि कुठली टाकायची, हे त्या प्रोग्रामने ठरवावं तरी कसं?

केलेलं सगळं मी पूर्ववत केलं. आत्याला बोलावलं. तिला इयरफोन आवडत नाहीत, म्हणून टीव्हीलाच जोडलं.

ती आईला बघत राहिली. "वहिनीचा हा हेका," ती म्हणाली. "कपाटाचं डावं. मला जन्मात समजलं नाही." मग 'ठेवला बघ' आलं. आत्या म्हणाली, "पुन्हा लाव."

मी लावलं. चार वेळा लावलं.

"आवाज जरा कमी आहे गं हिचा," आत्या म्हणाली. "पण आहे."

"हो," मी म्हटलं. "असाच होता."

आणि खरंच, म्हणता म्हणता मला तो आठवला. झिजलेल्या कडा माझ्या मनाने भरून काढल्या असतील, किंवा दोन्ही आवाज एकदम ऐकले म्हणून असेल. मला सांगता येणार नाही.

*

आत्या झोपायला घरी गेली; दुपारी तास-दीड तास ती आडवी होते. मी खिडकीवरची गोधडी काढायला घेतली, दोन खिळे काढले आणि थांबले. पुन्हा ठोकले नाहीत, काढलेही नाहीत. कोपऱ्यातून उन्हाची एक पट्टी आत आली.

वही उघडी होती. दोष: आवाज हवेतून. कारण: कोरं. मी पेन उचललं. दुसऱ्यांच्या मजकुरात मी रोज लाल शाईने लिहिते, पण इथे हात चालेना. आणि मग अर्ध्या कानाने ऐकलेलं ते आठवलं: लिहायला काय, घरी बसूनही लिहिता येतं.

टीव्ही बंद केला. आवाजाच्या खान्यात गेले आणि डबीचं नाव काढून पुन्हा मायक्रोफोन निवडला. या वेळी नीट बघून, वाचून. टॉवेलाची गुंडाळी पायाने दाराशी सरकवली. चौदावी टेप मागे घेतली, तिथेच, जिथे बाबांनी लावली होती. खिडकी, पडदा, आत्याचं हलणारं तोंड. बटण दाबलं. मोजणी सुरू झाली.

पडद्याच्या खालच्या बाजूला आवाजाची हिरवी पट्टी निजलेली होती. मी श्वास घेतला तेवढ्यानेही ती जरा वर आली आणि बसली. स्वयंपाकघरात नळ टिपकत होता.

बाबा जिवंत असताना मी त्यांना खूप गोष्टी सांगितल्या. काय खायचं, कुठलं बटण दाबायचं, काय टाकून द्यायचं. ही एक गोष्ट त्यांना कधी म्हटल्याचं आठवत नाही. त्या मंगळवारीच असं नाही, कधीच.

"हॅलो," मी म्हटलं. घसा साफ केला. पट्टी हलली. "चाचणी. एक, दोन, तीन. टीव्ही बंद आहे. टेप चालू आहे."

खिडकीत आत्या पडदा ओढून घेत होती.

"दोष, आवाज हवेतून येत होता. कारण, मी. मी न बघताच सांगितलं होतं." पट्टी खाली बसली. मी ती पुन्हा वर येईपर्यंत थांबले नाही. "बाबा, तुमचं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. आणि बस आलेली नव्हती."